यंत्रशाळेतून वाघाच्या वाटेवर



मागच्या सत्रात दहावीच्या वर्गातील एक मुलगा मधल्या सुट्टीत आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचे काम. आजोबा मठारकाम करायचे, वडील कल्हई लावतात आणि जुनी भांडी दुरुस्त करून विकतात. मुलगा संध्याकाळी भात्यापाशी बसतो, नवसागराचा धूर त्याच्या डोळ्यांना सवयीचा झाला आहे. तो म्हणाला, "सर, आमचा धंदा आता फार चालत नाही. बाबा म्हणतात, आयटीआय कर. मला जंगलाचे फोटो काढायचं काम करायचं आहे. भांडी ठोकणाऱ्याच्या मुलाला ते जमतं का?"

आम्ही त्या वेळी "आधी परीक्षा नीट दे" असे प्राचार्यांच्या तोंडी शोभणारे उत्तर दिले आणि त्याला वर्गात पाठवले. पण प्रश्न मनातून गेला नाही. उत्तर देणे आमच्याकडे राहिले होते. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे, आणि ते एकट्या त्या मुलासाठी नाही. (आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. भाषेत कुठे उणेअधिक दिसल्यास मराठीच्या शिक्षकांनी आम्हांस जरूर दाखवावे.)

धातू आणि छायाचित्र यांचे नाते

पहिली गोष्ट ही की, धातूचे काम आणि छायाचित्र या दोन वेगळ्या दुनिया नाहीत. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये लुई दागेर यांची छायाचित्र घेण्याची पद्धत जगापुढे आली. तिच्यात कागद नव्हता. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा देत, तो आरशासारखा घासून लख्ख करीत आणि मग त्यावर आयोडीनची वाफ देत. असा पत्रा कॅमेऱ्यात ठेवला की प्रकाश त्यावर आपली खूण उमटवत असे. पुढे ती खूण पाऱ्याच्या वाफेने दिसू लागे. म्हणजे ज्या तांब्यासाठी आपल्या शेजारच्या मलाजखंडला १९८२ पासून एवढा मोठा प्रकल्प चालू आहे, त्याच तांब्याच्या पत्र्यावर सुरुवातीची छायाचित्रे निघाली! नंतर काचा आल्या, फिल्म आली, तरी चांदीचे क्षार सुटले नाहीत. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात फिल्म नाही. पण त्याच्या आत तांब्याच्या तारा आहेत आणि पुष्कळदा बाहेर धातूचे आवरण.

दुसरे नाते हाताच्या सवयीचे आहे. मठारकाम करणारा माणूस भांड्यावर हातोडा मारताना प्रत्येक ठोक्याचे माप राखतो. एक ठोका जास्त पडला तर पोचा येतो. भट्टी तापेपर्यंत थांबावे लागते, घाई चालत नाही. पत्र्यावरची चमक पाहून उष्णता ओळखावी लागते. माप, धीर आणि प्रकाशाची पारख हे तीन गुण ज्याच्या हातात आहेत, त्याने कॅमेरा धरला तर तो कोरा नवशिका राहत नाही.

संवर्धनाचे छायाचित्र म्हणजे काय?

येथे एक फरक समजून घेणे जरूर आहे. सुंदर वाघाचे सुंदर चित्र घेणे हा छंद झाला. ज्या चित्रामुळे जंगलाचे, पाण्याचे किंवा प्राण्याचे रक्षण होण्यास मदत होते, त्याला संवर्धनाचे छायाचित्रण म्हणतात. ते चित्र सुंदर असेलच असे नाही. कधी ते धूसर असते, कधी त्यात प्राण्याचा अर्धाच भाग दिसतो. पण ते पुरावा असते.

आमची स्वतःची एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी पाहुण्यांना घेऊन आम्ही मुक्की गेटने कान्ह्यात गेलो होतो. एक वाघीण रस्ता ओलांडू पाहत होती. पुढे-मागे गाड्या लागल्या, सगळ्यांचे कॅमेरे बाहेर, आमचाही. ती दोनदा झुडुपात परत फिरली. आमचा फोटो फार छान आला. आम्ही तो मोठा करून बैठकीत लावला. पुढे कधीतरी एका विद्यार्थ्याने तो पाहून विचारले, "सर, हिला जायचं कुठे होतं?" आम्ही निरुत्तर झालो. तो फोटो आता भिंतीवर नाही. छंदाचे चित्र आणि संवर्धनाचे चित्र यांतला फरक आम्हांला त्या दिवशी कळला.

खनिजाच्या घराण्यातील एक मराठी नाव

धातूच्या व्यवसायातून कॅमेऱ्याकडे वळलेले एक नाव आपल्या मराठी माणसांच्या जवळचे आहे. कर्नाटकातील संडूर हे घोरपडे या मराठा घराण्याचे संस्थान. आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या स्थिरावलेले हे घराणे. त्यातील मुरारराव यशवंतराव घोरपडे (१९३१–२०११) यांनी १९५४ मध्ये मँगनीज आणि लोहखनिजाची कंपनी उभी केली. मँगनीज म्हटले की आपल्या बालाघाटच्या भरवेलीची खाण डोळ्यांपुढे येते, म्हणून हा धंदा आपल्याला सांगायला नको. घोरपडे १९७२ ते १९७७ या काळात कर्नाटकाचे अर्थमंत्री होते. खाणी आणि राजकारण सांभाळून त्यांनी जंगलात बसून कृष्णधवल छायाचित्रे घेतली. १९८३ मध्ये त्यांचे 'सनलाइट अँड शॅडोज' हे पुस्तक आले. भारतीय वन्यजीव छायाचित्रकाराची दैनंदिनीच ती.

घोरपडे राजघराण्यातील. त्यांना साधने होती, वेळ काढता येत होता. दुकानदाराच्या मुलाला हे उदाहरण पुरेसे नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून ज्यांची वाटचाल आम्हांला या लेखात मुख्यतः सांगायची आहे, ते घोरपडे नव्हेत. तेही कर्नाटकातलेच, मराठी नव्हेत, पण त्यांच्या कामाचा धागा थेट आपल्या कान्ह्यापर्यंत येतो.

अभियंता ते वाघांचा गणक

उल्हास कारंत यांचा जन्म १९४८ चा, कर्नाटकाच्या किनारी भागातला. वडील शिवराम कारंत हे कन्नडचे थोर साहित्यिक. त्यांना १९७७ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. मुलाने मात्र यंत्रांचा रस्ता धरला. सुरतकल येथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९७१ मध्ये ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले. लोखंड, पोलाद, गिअर, बेअरिंग, माप आणि सूट हे त्यांचे शिक्षण. काही वर्षे नोकरी केली, नंतर शेती केली. सुट्टी मिळाली की नागरहोळेच्या जंगलात जायचे, हा क्रम मात्र सुटला नाही.

या ओढीचे एक बीज आपल्या परिसरात पडले होते. जॉर्ज शॅलर हे शास्त्रज्ञ १९६३ च्या अखेरीस कान्ह्यात येऊन राहिले आणि १९६५ पर्यंत त्यांनी येथील हरिणांचा व वाघांचा अभ्यास केला. चेहऱ्यावरच्या खुणा पाहून ते एकेक वाघ ओळखत. त्यांचे 'द डिअर अँड द टायगर' हे पुस्तक १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. शॅलर यांचे हे काम वाचून तरुण कारंत प्रभावित झाले. जे जंगल आपल्या मुलांना घरामागचे वाटते, त्याच्याविषयी वाचून दूर समुद्रकाठचा एक मुलगा घडत होता!

पस्तिशी ओलांडल्यावर कारंत पुन्हा विद्यार्थी झाले. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात वन्यजीवशास्त्र शिकले, १९८८ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९९३ मध्ये मंगळूर विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पालकांनी याची नोंद घ्यावी. मुलगा पंचविशीपर्यंत 'सेटल' झाला नाही तर आपण घर डोक्यावर घेतो.

१९९० मध्ये त्यांनी नागरहोळेत वाघांना रेडिओ-पट्टे लावून अभ्यास सुरू केला. हे काम सुखाचे नव्हते. काही वाघांच्या मृत्यूचा ठपका या अभ्यासावर ठेवला गेला, काम काही काळ बंद पडले. त्यांनी ते पुढे पुन्हा चालू केले. शिवाय एक मोठा प्रश्न त्यांच्यासमोर होताच : या जंगलात वाघ आहेत तरी किती?

पावलांचे ठसे का पुरले नाहीत?

आपल्याकडील जुन्या वनरक्षकांना ठशांची गणना चांगली आठवत असेल. ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६६ मध्ये ही पद्धत पुढे आणली. ठरावीक दिवसांत सगळे कर्मचारी जंगलात फिरत, वाघाचा ठसा काचेवर ठेवलेल्या कागदावर उतरवून घेत किंवा प्लास्टरमध्ये साचा घेत. मग ठसे एकमेकांशी ताडून पाहत व वाघ मोजत. १९७२ च्या देशव्यापी गणनेत १,८२७ हा आकडा निघाला आणि त्याच्या धक्क्याने १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत आपले कान्हा होते. म्हणजे या पद्धतीचे देशावर उपकारच आहेत.

पण यंत्रशाळेत शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांना तिच्यातली उणीव खुपली. मऊ चिखलात ठसा मोठा उमटतो, कठीण जमिनीवर लहान. एकच वाघ चालताना वेगळा ठसा देतो, धावताना वेगळा. कागदावर रेघ ओढणाऱ्याचा हात वेगळा पडतो. शिवाय कोणत्याही जंगलात सगळ्याच वाघांचे ठसे सापडतील हे गृहीतच चुकीचे. ज्या मोजपट्टीची लांबी दर वेळी बदलते, तिने भांड्याचा पत्रा कापता येईल का? कारंत यांनी ठशांच्या पद्धतीवर शास्त्रीय आक्षेप घेतले आणि दुसरे माप शोधले. ते माप म्हणजे छायाचित्र.

आपोआप निघणारे छायाचित्र

ही कल्पनाही अगदी नवी नव्हती. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचे इंग्रज वनाधिकारी संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडाच्या जंगलात काम करत. त्यांनी शंभर वर्षांपूर्वी वाटेवर तार बांधून ठेवली. वाघाचा पाय तारेला लागला की झगझगीत उजेड होऊन फोटो निघे. त्यांचे 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हे पुस्तक १९२७ चे. ज्या काळात साहेब लोक वाघाच्या अंगावर पाय ठेवून फोटो काढत, त्या काळात चॅम्पियन जिवंत वाघाचा फोटो काढत होते.

कारंत यांनी १९९० च्या दशकात तारेऐवजी अदृश्य किरणांवर चालणारे कॅमेरे वापरले. त्याला 'कॅमेरा ट्रॅप' म्हणतात. नाव सापळ्याचे असले तरी त्यात प्राणी अडकत नाही. त्याचे काम असे चालते :

- वाघाच्या नेहमीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक कॅमेरा साधारण गुडघ्याच्या उंचीवर बसवतात.
- वाघ मधून गेला की किरणांत खंड पडतो किंवा त्याच्या शरीराची उष्णता व हालचाल यंत्राला कळते आणि दोन्ही कॅमेरे फोटो घेतात.
- दोन कॅमेरे कशाला? कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. दोन्ही बाजू मिळाल्या की त्या वाघाचे ओळखपत्र पूर्ण झाले.
- फोटोवर तारीख व वेळ उमटते.

आपल्या बोटांचे ठसे जसे दुसऱ्या कोणाशी जुळत नाहीत, तसे दोन वाघांचे पट्टे जुळत नाहीत. लोखंडी पेटी, काटेकोर उंची, नेमका कोन, पावसात न भिजणारे झाकण, हत्तीच्या पायाखाली टिकेल असे कवच हे सगळे यंत्रशाळेतलेच प्रश्न आहेत. त्यामुळे अभियंत्याचे शिक्षण वाया गेले असे कोणी म्हणू नये.

गणिताच्या तासाला उपयोगी पडेल असे

पण फोटो निघालेले वाघ मोजले की काम संपले का? नाही. काही वाघ कॅमेऱ्यासमोर आलेच नसतील. त्यांचा अंदाज कसा करायचा? यासाठी अमेरिकेतील शास्त्रज्ञ जेम्स निकोल्स यांच्याबरोबर कारंत यांनी 'पकडा, सोडा, पुन्हा पकडा' या तत्त्वाचे गणित वापरले. त्यातील साध्यात साधे उदाहरण आपण नववीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवू शकतो.

समजा, पहिल्या पंधरवड्यात १२ वेगवेगळ्या वाघांचे फोटो निघाले. दुसऱ्या पंधरवड्यात १० वाघांचे निघाले आणि त्यातले ८ पहिल्या वेळचेच होते. म्हणजे दुसऱ्या वेळी दिसलेल्या १० पैकी ८, अर्थात ८० टक्के, आपल्या ओळखीचे. तर पहिले १२ हे सगळ्या वाघांच्या सुमारे ८० टक्के असावेत. १२ गुणिले १०, भागिले ८ म्हणजे १५. तेव्हा जंगलात अंदाजे १५ वाघ आहेत. खऱ्या अभ्यासात यापेक्षा पुष्कळ खोल गणित लागते, चूक किती असू शकते तेही सांगावे लागते. परंतु गाभा हाच.

हे काम १९९५ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात आले. १९९८ मध्ये 'इकॉलॉजी' या नियतकालिकात चार जंगलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला : नागरहोळे, काझीरंगा, पेंच आणि आपले कान्हा. कान्ह्यातील अभ्यास-क्षेत्रात दर १०० चौरस किलोमीटरमागे ११ ते १२ वाघ असा अंदाज निघाला. काझीरंगात तो याहून जास्त, तर पेंचमध्ये बराच कमी होता.

नागरहोळेत हे काम वर्षानुवर्षे चालले, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. तिथल्या वाघांपैकी दर वर्षी पाचव्या हिश्शाहून अधिक मरतात किंवा निघून जातात, तरीही पुरेशी हरिणे आणि रक्षण असेल तर नवे वाघ त्यांची जागा भरून काढतात. म्हणजे एखादा वाघ मेला म्हणून घाबरून जायचे कारण नाही, पण हरिणे संपली तर मात्र घाबरायला हवे. असे निष्कर्ष एका सुंदर फोटोतून निघत नाहीत. हजारो साध्या, धूसर फोटोंतून निघतात. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते असे.

चुकीच्या आकड्याची किंमत

आकड्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणाला वाटेल. त्याचे उत्तर राजस्थानच्या सरिस्काने दिले. तेथे कागदावर वाघ होते. २००४-०५ मध्ये लक्षात आले की जंगलात एकही उरलेला नाही. शिकाऱ्यांनी ते संपवले होते आणि वहीला पत्ता नव्हता. देशभर खळबळ झाली, २००५ मध्ये सरकारने टायगर टास्क फोर्स नेमला, आणि ठशांची पद्धत सोडून देशाची गणना नव्या पद्धतीने करायचे ठरले. २००६ च्या त्या गणनेत देशात १,४११ वाघ असल्याचा अंदाज आला.

आपल्या मध्य प्रदेशालाही हा धडा मिळाला. २००९ मध्ये पन्ना वाघांविना झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये बांधवगडची एक वाघीण आणि आपल्या कान्ह्याची एक वाघीण तेथे नेण्यात आली. कान्ह्याची वाघीण हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने गेली. नोव्हेंबरमध्ये पेंचचा नर आला. २०१० मध्ये पिल्ले झाली आणि आज पन्ना पुन्हा वाघांचे आहे. आपल्या मातीतली लेक दुसऱ्या घरी गेली आणि तिने ते घर वसवले, असे आम्ही मुलांना सांगतो.

२०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि सुमारे ३ कोटी ४८ लाख फोटो निघाले. त्यांतून २,४६१ वाघ वेगवेगळे ओळखता आले. देशाचा एकूण अंदाज २,९६७ होता. २०२२ मध्ये तो सरासरीने ३,६८२ वर गेला आणि त्यात मध्य प्रदेशाचे ७८५, सर्व राज्यांत अधिक. या सरकारी गणनेच्या रीतीविषयी कारंत यांनी वेळोवेळी मतभेदही मांडले आहेत. शास्त्रात मतभेद व्हायचेच. त्यांनीच माप सुधारते. २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसरी बाजूही पाहावी

आमच्या शाळेत अशीही मुले आहेत ज्यांच्या आजोबांचे गाव आज कान्ह्याच्या गाभ्यात आहे. गाव म्हणजे काय, तर आता गवताचे मैदान. बैगा आणि गोंड कुटुंबांनी आपली घरे सोडली, तेव्हा कुठे बारासिंग्याला चरायला कुरण मिळाले. १९७० मध्ये कान्ह्यात ६६ बारासिंगे उरले होते. आज ते शेकड्यांनी आहेत. हे यश खरे आहे, आणि त्याची किंमत कोणी दिली हेही खरे आहे. जंगलाच्या कडेच्या गावात गाय मेली, पीक गेले, माणूस जखमी झाला तर दुःख त्या घराचे असते. संवर्धनाचा फोटो काढणाऱ्याने हीही बाजू टिपली पाहिजे. फक्त वाघाचा चेहरा दाखवून आजोबांचे गाव लपवले, तर तो फोटो पुरावा म्हणून अपुरा आहे, असे आमचे मत आहे.

आणि एक गोष्ट. कान्ह्यात झाडाला कॅमेरा बांधणारे हात बहुधा वनरक्षकाचे आणि गावातल्या चौकीदाराचे असतात. वाघ कोणत्या वाटेने जातो हे त्यांनाच ठाऊक असते. पुरस्कारांच्या यादीत त्यांची नावे येत नाहीत. आपण ती लक्षात ठेवावी.

तर त्या मुलाला काय सांगावे?

बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे : होय, जमते. पण 'फोटो काढण्याचे काम' असे एकच काम नसते. त्याच्या पुष्कळ वाटा आहेत.

तुला शास्त्राची वाट घ्यायची असेल तर अकरावीत जीवशास्त्राबरोबर गणित सोडू नकोस. वर पाहिलेस की वाघ मोजायला गणितच लागते. पुढे डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आहे, बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात वन्यजीवशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. प्रवेश कठीण आहे, पण तो गाव किंवा बापाचा धंदा विचारून मिळत नाही. वनखात्याच्या परीक्षा आहेत. आणि तुझ्या बाबांचे म्हणणेही चुकीचे नाही. आयटीआयमध्ये फिटर किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला, पेटी बनवणारा, पावसाळ्यानंतर बिघडलेला कॅमेरा उघडून दुरुस्त करणारा माणूस जंगलाच्या कामाला हवाच असतो. कारंत इंजिनिअर झाले म्हणून जंगलापासून दूर गेले नाहीत. ते माप घेऊन जंगलात गेले. तू हातोडा टाकून कॅमेरा घ्यावास असे आम्ही म्हणणार नाही. हातोड्याने जे शिकवले ते कॅमेऱ्यापाशी घेऊन जा. एक ठोका कमी नको, एक ठोका जास्त नको.

फक्त एक इशारा. या कामात पैसा उशिरा आणि थोडा मिळतो. प्रसिद्धी त्याहून उशिरा. ज्याला वाघासमोर स्वतःचा फोटो हवा आहे, त्याने या वाटेला येऊ नये.

पालकांना आणि विश्वस्तांना विनंती

महागडे कॅमेरे घ्या असे आम्ही म्हणत नाही. घरोघरी मोबाइल आहेत, तेवढे पुरे. येत्या सत्रापासून शाळेत एक 'छायाचित्र नोंदवही' सुरू करण्याचा आमचा विचार आहे. शाळेच्या आवारातील एकच झाड, एकच पाणवठा, दर आठवड्याला त्याच जागेवरून, त्याच वेळी टिपायचा. खाली तारीख, वेळ, काढणाऱ्याचे नाव आणि काय दिसले तेवढे लिहायचे. जे दिसले नाही ते लिहायचे नाही. वर्षाअखेर बावन्न फोटो एका ओळीत लावले की मुलांना ऋतू समजेल आणि खरी नोंद म्हणजे काय तेही समजेल. विश्वस्त मंडळाने एका कपाटाची व जाड वहीची व्यवस्था करावी, एवढीच मागणी आहे.

पहिल्या पानाचा फोटो कोण काढणार ते आम्ही ठरवले आहे. त्याला आम्ही सांगितले, कॅमेरा रोज त्याच उंचीवर राहील असा एक स्टँड लागेल. तो म्हणाला, "सर, विकत कशाला? बाबांकडे पितळेची नळी पडली आहे, मी करतो." दुसऱ्या आठवड्यात तो स्टँड घेऊन आला. आम्ही पट्टी लावून पाहिली. तिन्ही पाय अगदी सारखे होते.